बनी तो बनी...

परभणीत माणसाला एकट्यानं आजारी पडता येत नाही. साधा ताप असेल तर एक वेळ जमतं. पण रक्ताच्या तपासणीत शुगर सापडली, की ती बातमी लॅबमधून निघून तुमच्याआधी तुमच्या गल्लीत पोचते. लॅबमधला पोरगा तुमच्या भाच्याच्या वर्गातला असतो, रिक्षावाला तुमच्या गावाकडचा असतो, आणि औषधाच्या दुकानात तुमच्या मागं उभे असलेले गृहस्थ तुमच्या व्याह्यांचे भाडेकरू असतात. घरी येऊन चप्पल काढेस्तोवर शेजारच्या काकू वाटीत कारली घेऊन दारात उभ्या. "निघाली म्हणं की तुमची?" विहिरीला पाणी लागलं का, हे विचारावं त्याच आवाजात. "किती निघाली?"

"दोनशे चाळीस."

"एवढीच? आमच्या ह्यांची तीनशे दहा होती."

म्हणजे इथंही आपण मागंच.

मग सल्ले सुरू होतात. कारल्याचा रस, भिजवलेल्या मेथ्या, जांभळाच्या बियांची पूड, बेडकीचा पाला, विजयसाराच्या लाकडी पेल्यात रात्रभर ठेवलेलं पाणी. प्रत्येक उपायामागं एक मामा असतात. हे मामा सेलूला राहतात, नाहीतर पूर्णेला, क्वचित पालमला. त्यांची शुगर चारशे होती, मोठमोठ्या डॉक्टरांनी हात टेकले होते आणि ह्या एका पाल्यानं ती मुळापासून गेली. ह्या मामांना प्रत्यक्ष पाहिलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. सल्ला देणाऱ्यानंही त्यांना पाहिलेलं नसतं. त्याला ते साडूनं सांगितलेलं असतं, आणि साडू सध्या पुण्याला असतो.

दुसरा लाडका उपाय म्हणजे साखर सोडून गूळ. "गुळाचा चहा चालतो" असं म्हणत लोक दोन कप जास्त पितात. गूळ रंगानं सावळा आणि स्वभावानं गावाकडचा असल्यामुळं तो आपल्याशी दगा करणार नाही, अशी आमची समजूत आहे. गूळही उसातूनच येतो आणि रक्तात गेल्यावर साखरेचंच काम करतो, हे सांगणाऱ्याला लोक साखर कारखान्याचा माणूस समजतात.

इथवर हसायला हरकत नाही. पण पाल्याच्या भरवशावर गोळी बंद करणारेही ह्याच गल्ल्यांत राहतात. शुगर जुनी झाली आणि ताब्यात नसली, की पायाच्या नसा बधिर होत जातात. मग शेतात अनवाणी फिरणाऱ्याला बाभळीचा काटा मोडलेला कळत नाही. दुखत नाही म्हणून तो बघत नाही, आणि वास यायला लागतो तेव्हा जखम आत गेलेली असते. अंगठा गमावलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांतल्या कुणाच्याही मदतीला सेलूचे मामा आलेले नाहीत.

गोळीसोबत डॉक्टर आणखी एक गोष्ट लिहून देतात: चाला. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसानं आठवड्याला किमान १५० मिनिटं अंग हलवावं, आणि भरभर चालणं त्यात धरतात. परभणीत ही १५० मिनिटं चालायला साधारण तीनशे मिनिटं लागतात. जिंतूर रोडला लागून शंभर पावलं गेलात, की मागून मोटारसायकल येऊन कचकन थांबते.

"कुठं चाल्लात गुरुजी?"

"फिरायला."

"कामून? गाडी बिघडली का?"

"नाही रे बाबा, चालायचंय."

"बसा की, सोडतो."

"अरे, मला कुठंच जायचं नाही."

"मग तर बसाच. मला बी काही काम नाही."

ह्या पोराला नाही म्हणणं फार अवघड असतं. त्यानं प्रेमानं गाडी थांबवलेली असते. नाही म्हणून पुढं निघालात, तर रात्री त्याच्या वडलांचा फोन येतो, "पोरगं म्हणत होतं, गुरुजी काही नाराज दिसले." ह्या जिल्ह्यात माणूस पायी का चालला आहे ह्याची दोनच कारणं मान्य आहेत. एकतर त्याची एसटी चुकली असावी, नाहीतर तो पंढरपूरला निघाला असावा. जनाबाईंच्या गंगाखेडचा हा मुलूख. वारीचं चालणं आम्हाला कळतं. त्याला देव आहे, तारीख आहे, सोबतीला टाळ आहे. पण कुठंही न जाता नुसतं चालून परत त्याच दाराशी येणारा माणूस आम्हाला संशयास्पद वाटतो. आजोबा-पणजोबा रोज कोसभर शेतात चालत गेले, ते परिस्थितीनं. गाडी आली तेव्हा घरानं पेढे वाटले. आता त्याच घरातला माणूस पायी निघाला, तर शेजाऱ्यांना हप्ता थकला की काय असं वाटणारच.

म्हणून शहाणी माणसं कृषी विद्यापीठाच्या आवारात जाऊन चालतात. १९७२ सालच्या मे महिन्यात हे विद्यापीठ स्थापन झालं, पुढं त्याला वसंतराव नाईकांचं नाव मिळालं, आणि मराठवाड्याच्या शेतीसाठी त्यानं जे केलं त्याबद्दल शेतकरी सांगतीलच. पण परभणीच्या बीपी-शुगरवाल्यांवर त्याचे जे उपकार आहेत, ते कुठल्या अहवालात आलेले नाहीत. मोठी झाडं, सरळ रस्ते, आणि सगळेच चालत असल्यामुळं कुणी कुणाला गाडीवर बसा म्हणत नाही.

तिथंही हवामान आहेच. एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीस-त्रेचाळीसपर्यंत जातो, तेव्हा उजाडायच्या आत निघून ऊन चढायच्या आत घरी यायचं. थंडीत काही वर्षी तो पाच अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा डॉक्टरही पांघरुणातून बाहेर येत नाहीत. पावसाळ्यात आमची काळी माती एकेका बुटाला अर्धा किलो चिकटते, म्हणजे चालण्याबरोबर वजन उचलण्याचाही व्यायाम होतो. वर्षातले चालायला योग्य असे जे दिवस उरतात, त्यांत लग्नं असतात.

आता फोनमध्ये पावलं मोजतात, त्यामुळं स्पर्धा वाढली आहे. दहा हजारांच्या खाली गेलं की माणसाला जेवण गोड लागत नाही. हा दहा हजारांचा आकडा कुठल्या डॉक्टरनं काढला म्हणून शोधायला जावं, तर तो निघतो जपानचा. १९६५ साली तिथल्या एका कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मीटर' अशा अर्थाचं ठेवलं. नाव चाललं, आकडा राहिला. त्याहून कमी चालूनही भरपूर फायदा होतो, असं पुढच्या अभ्यासांनी दाखवलं, पण ते आमच्या ग्रुपवर अजून पोचलेलं नाही. नातवाच्या खिशात फोन ठेवून संध्याकाळी ग्रुपवर अकरा हजार पावलं टाकणारे एक निवृत्त अधिकारी माझ्या माहितीत आहेत. नातवाची तब्येत उत्तम आहे.

विद्यापीठाच्या त्या आवाराकडं बघताना मला ज्वारी आठवते. 'परभणी मोती' इथलीच. 'परभणी शक्ती' हा वाण विद्यापीठानं हैदराबादजवळच्या इक्रिसॅटच्या साथीनं आणला, २०१८ साली तो प्रसारित झाला, आणि त्याच्या दाण्यात नेहमीच्या ज्वारीपेक्षा लोह आणि जस्त जास्त आहे. जग ज्याला आता आरोग्याचं अन्न म्हणून पाकिटात भरून विकतं, ते आमच्याकडं गरिबाचं जेवण होतं. पोळी सणाला, भाकरी रोज. मग चार पैसे आले तशी पोळी रोजची झाली. आणि आता डॉक्टर सांगतात, "भाकरी खा."

हे ऐकून परभणीकर जितका खूश होतो, तितका तो कुठल्याच औषधानं होत नाही. भाकरी चालते ना? मग चार चालतात. ज्वारीत तंतू जास्त, म्हणून ती मैद्यापेक्षा बरी, हे खरं. पण ताटाएवढ्या चार भाकरी कुस्करून, वर घेतलेलं येसराचं कालवण आणि शेवटी "भाकरीबरोबर चालतो" म्हणून गुळाचा खडा, हा हिशेब रक्तातली साखर वेगळ्या पद्धतीनं मांडते. डॉक्टरांनी काय खायचं ते सांगितलेलं असतं. किती, ते ऐकू येईपर्यंत आपण दवाखान्याच्या पायऱ्या उतरलेलो असतो.

लोहाचा विषय निघाला म्हणून सांगतो. २०१९ ते २०२१ ह्या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. घरात नवऱ्याची शुगर निघाली, की सबंध घराचं वेळापत्रक बदलतं. त्याचा काढा, त्याच्या मेथ्या, त्याची वेगळी भाजी. हे सगळं ती करते. तिला जिना चढताना दम लागतो, त्याला मात्र "थकवा" एवढंच नाव आहे आणि त्यावर उपाय म्हणजे दिवाळी होऊ द्या, मग बघू. दिवाळी झाली की लग्नसराई. 'परभणी शक्ती'ची पहिली भाकरी कुणाच्या ताटात पडावी, हे ठरवायला संशोधन लागत नाही.

आहाराच्या बाबतीत आमच्या भागानं सगळ्या महाराष्ट्राला कामाला लावलेलं आहे. लातूर आमच्या शेजारचंच. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तेव्हा शिकवणाऱ्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी सांगितलं, दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत उरका, मध्ये काही नको. तिकडं मुंबईच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर सांगत होत्या, थोडं थोडं पण दर दोन तासांनी खा. सबंध राज्यात दोन पक्ष पडले. परभणीनं दोन्ही बाजूंचा मान राखला. आमच्याकडं पंचावन्न मिनिटं भरगच्च जेवतात, आणि नंतर दर दोन तासांनी थोडं थोडं खातात.

पण ह्या गावात कुठलीही सवय मोडते ती खाणाऱ्यामुळं नव्हे, वाढणाऱ्यामुळं. पंगतीत तुम्ही पानावर दोन्ही हात आडवे धरा, वाढपी बोटांच्या फटीतून बुंदी सोडतो. "शुगर आहे हो मला," म्हटलं तर उत्तर तयार: "आम्हाला बी आहे की." ह्याला प्रतिवाद नाही. मग यजमान स्वतः येतात. "एवढ्यानं काय होतंय? आज एक गोळी जास्तीची घ्या." गोळ्यांचा डोस यजमानानं ठरवण्याची पद्धत वैद्यकशास्त्रात फक्त आमच्याकडं आहे. चहाचंही तेच. बिनसाखरेचा मागितला, तर घरात बाई कुजबुजतात, "साखर संपली असं वाटंल त्यांना," आणि इभ्रतीखातर दोन चमचे जास्तच पडतात.

२०२३ हे साल ह्या दृष्टीनं संस्मरणीय होतं. संयुक्त राष्ट्रांनी ते आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केलं होतं, त्यामुळं ज्वारीचे सत्कार चालू होते. त्याच वर्षी जूनमध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे आकडे आले: देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह, आणखी १३ कोटी ६० लाख उंबरठ्यावर. आणि लगेच १८ जुलैपासून अधिक श्रावण लागला. म्हणजे धोंड्याचा महिना. जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे, वर तूप, आणि सासूबाईंचा आग्रह. उंबरठ्यावरच्या किती जावयांना त्या महिन्यात आत घेण्यात आलं, ह्याची मात्र पाहणी झाली नाही.

खरी पाहणी आरोग्य खात्याच्या आशाताई करतात. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरायचा असतो. त्यात वय, तंबाखू, दारू, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का, हे विचारतात आणि कमरेचं माप घेतात. पुरुषाची कंबर नव्वद सेंटिमीटरच्या आत आणि बाईची ऐंशीच्या आत असेल तर शून्य गुण. पुढं जाल तसे गुण वाढतात. आयुष्यात पहिल्यांदाच कमी गुण मिळवणारा वरचढ ठरतो. टेप बाहेर निघाला, की ओसरीवरचे सगळे आप्पा श्वास आत ओढून उभे राहतात. "सोडा की आप्पा श्वास." "सोडलेलाच हाय." "बोला बरं काहीतरी." आप्पा बोलले, की सहा सेंटिमीटर वाढतात.

मग प्रश्न येतो, "आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम होतो का?" आप्पा म्हणतात, "व्हय तर," कारण ते रोज सकाळी पारावर जाऊन येतात. शेजारी उभी असलेली बाई पहाटेपासून पाणी, जनावरं, धुणं आणि दुपारभर कापूस वेचून आलेली असते. ती लाजून म्हणते, "नाही बाई, मला कुठला व्यायाम." फॉर्म भरताना ह्या दोन्ही उत्तरांवर आशाताई एकदा मान हलवतात आणि आपल्या अकलेनं खूण करतात. तेवढी अक्कल त्या खात्याकडून शिकलेल्या नाहीत.

अंग हलवण्याचं महत्त्व जगाला कळलं, ते बसमधून. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर पारखून बघितले. माणसं एकाच वर्गातली, नोकरी एकाच संस्थेची. पण दिवसभर बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त, आणि दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना कमी. हे १९५३ साली छापून आलं. पुढं १९५६ मध्ये त्यांनी गणवेश शिवल्याच्या नोंदी काढल्या, तेव्हा ड्रायव्हरांच्या विजारीच्या कमरा नोकरीला लागतानाच कंडक्टरांपेक्षा रुंद होत्या, असंही दिसलं. म्हणजे सगळा दोष स्टिअरिंगचा नव्हता. आपल्याच सिद्धांताला टाचणी लावणारा असा माणूस मला फार आवडतो. मॉरिस स्वतः नव्व्याण्णव वर्षं जगले. आमच्या एसटीच्या लाल परीला वरचा मजला नाही, पण सोमवारी सकाळी परभणी-गंगाखेड गाडीत दाराशेजारच्या माणसापासून शेवटच्या बाकापर्यंत तिकिटं फाडत पोचणाऱ्या कंडक्टरला जिन्याची गरज नाही.

राहता राहिला संकल्प. व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांना माहीत आहे की सवय एकवीस दिवसांत लागते. ही एकवीसची गोष्ट मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकी प्लास्टिक सर्जनची. नवीन नाकाची सवय व्हायला रुग्णाला निदान एकवीस दिवस लागतात, असं त्यांनी १९६० साली पुस्तकात लिहिलं. नाकाचा नियम लोकांनी पोटाला लावला. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ माणसांवर हे खरोखर तपासलं. २००९ साली त्यांनी सांगितलं, की सवय अंगवळणी पडायला मधल्या माणसाला ६६ दिवस लागले. कुणाला अठरा, तर कुणाला २५४ पर्यंत लागतील असा अंदाज निघाला. आणि मधेच एखादा दिवस चुकला, तर फारसं काही बिघडलं नाही.

हे शेवटचं वाचून मी उठून उभा राहिलो. कारण हे आमच्या गावाला कधीचं ठाऊक आहे. "बनी तो बनी, नहीं तो परभणी." बाहेरचे लोक ही म्हण आमची खिल्ली उडवायला वापरतात. पण जमलं तर जमलं, नाहीतर आपलं घर आहेच, उद्या परत बघू, ह्यापेक्षा मधुमेह्याला उपयोगी असं दुसरं तत्त्वज्ञान नाही. मुंबई-पुण्याचा माणूस एक दिवस चालायचा चुकला, की अपराधानं खचतो, महिनाभर जात नाही आणि मग नवे बूट घेतो. परभणीचा माणूस लग्नाला गेला, बुंदी खाल्ली, दुसऱ्या दिवशी पुन्हा विद्यापीठाच्या रस्त्यावर हजर. तो कधीच सुधारलेला नसतो, त्यामुळं बिघडतही नाही. मी पाहिलंय, टिकतात ते हेच. त्यांच्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी हळूहळू खाली येते, गोळी चालूच राहते, आणि ते कुणाला सांगत नाहीत. सांगितलं तर लोक पेढे मागतील.

तेव्हा मायबाप परभणीकरांनो, थोडीशी विनंती. तीस उलटली असेल तर आशाताईंना श्वास सोडून कंबर मोजू द्या आणि उपकेंद्रात जाऊन बीपी-शुगर बघून या. पैसे पडत नाहीत. पाहुण्यानं बिनसाखरेचा म्हटलं, तर एकदाच विचारा आणि तसाच द्या. तुमच्याकडं साखर आहे ह्यावर आमचा विश्वास आहे. घरातल्या बाईचं हिमोग्लोबिन दिवाळीच्या आत तपासा. आणि जिंतूर रोडला मी पायी दिसलो, तर गाडी थांबवू नका. माझी गाडी चालू आहे, हप्ते वेळेवर जातात, आणि मी तुमच्यावर नाराज नाही.